नीलसरोवरच्या मागचं पाणी

२०१३ सालच्या फेब्रुवारीत औरंगाबादेत नळाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं, तेही तासभर. त्याच महिन्यात उमा पाथ्रीकरला एका वेबसाइटसाठी पाण्याचं चित्र शोधायचं काम आलं.

उमा तेव्हा चौतिशीची. समर्थनगरात पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती आणि तिचे वडील व्यंकटराव राहायचे. घराण्यात तीन पिढ्या कारकुनी. पणजोबांनी निजामाच्या काळात तहसिलीत उर्दूतून दफ्तर सांभाळलं, आजोबाही तिथंच चिकटले, आणि व्यंकटराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. आई जाऊन आठ वर्षं झाली होती. उमाचं लग्न दोन ठिकाणी जमत आलं आणि मोडलं, मग तिनंच तो विषय बंद केला. गुलमंडीतल्या एका छापखान्यात लग्नपत्रिका मांडता मांडता ती कॉम्प्युटर शिकली, आणि पत्रिकांचं काम आटलं तेव्हा घरातल्याच टेबलावर वेबसाइट बनवायला लागली. दवाखाने, क्लासेस, साड्यांची दुकानं. तिचा हात रंगाला चांगला होता. अक्षरं नंतर, आधी मागची बाजू, अशी तिची रीत. बॅकग्राउंडकडं कोणी मुद्दाम बघत नाही, म्हणूनच ते नीट निवडावं लागतं, असं ती म्हणायची.

पाण्याचं काम देणारा हिमांशू. पैठण रोडला शहराबाहेरचं एक माळरान घेऊन त्याच्या कंपनीनं तिथं मोठी वसाहत काढली होती. नाव नीलसरोवर. सरोवर तिथं नव्हतं. नकाशात मधोमध एक निळा ठिपका होता, तो पुढं कधीतरी खोदायचा होता. हिमांशू उमाच्याच वयाचा, बोलायला गोड, बोलता बोलता हिंदीत घसरणारा. पान उघडल्याबरोबर माणसाला थंडक वाटली पाहिजे, एवढीच त्याची अट.

"या उन्हाळ्यात आपल्याला घर विकायचंच नाही, मॅडम," तो म्हणाला. "पाणी विकायचंय. घर त्याच्यासोबत जाईल."

उमानं आठ दिवस चित्रं शोधली. परदेशातली तळी, त्यांच्यामागं बर्फाचे डोंगर, काठाला ओळीनं उभी झाडं. हिमांशूला एकही पटेना. हे इथलं वाटत नाही, लोक हसतील, म्हणाला. मग तिनं नुसता निळा रंग लावून दाखवला, तर त्याला काम अर्धवट सोडल्यासारखं वाटलं. शेवटी उमानं आपली जुनी हार्ड डिस्क काढली.

२०१० च्या श्रावणात ती पाचोडकडं गेली होती. मोसंबीच्या एका व्यापाऱ्याला वेबसाइट हवी होती, म्हणून बागेचे फोटो काढायला. ती वेबसाइट पुढं झालीच नाही. पण बागेच्या कडेला एक जुनी बारव होती, दगडी पायऱ्यांची विहीर, आणि त्या साली ती इतकी भरली होती की खालच्या पायऱ्या दिसतच नव्हत्या. उमानं तिथं सात फोटो काढले होते. त्यातला एक तिनं उघडला आणि तिचा शोध थांबला. काळपट हिरवं पाणी, अजिबात न हलणारं, आणि त्यात उतरलेलं आभाळ.

अडचण एवढीच होती की उजव्या बाजूला पायरीवर एक मुलगी उभी होती, नेमकी मेनूच्या जागी. उमानं तिच्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. कॉम्प्युटरवर फोटोतल्याच शेजारच्या दगडांचे तुकडे उचलून ती मुलीवर ठेवत गेली, पायांपासून डोक्यापर्यंत. अर्ध्या तासात पायरी रिकामी झाली. मग सगळ्या चित्रावर निळ्या रंगाचा पातळ हात दिला, चित्र फिकट केलं आणि वर पांढरी अक्षरं बसवली.

हिमांशूनं ते बघितलं आणि तिथंच फ्लेक्सवाल्याला फोन लावला. हीच त्याची पसंती होती. मार्चात साइट सुरू झाली. तेच चित्र पैठण रोडवरच्या मोठ्या फ्लेक्सवर चढलं आणि विक्री ऑफिसातल्या भिंतीएवढ्या टीव्हीवर दिवसभर चालू राहिलं.

एप्रिलात फ्लॅटांचे नवे नकाशे घ्यायला उमा त्या ऑफिसात गेली. माळावर एकटंच उभं असलेलं काचेचं ऑफिस, आत थंडगार. दाराशी चांगली सावली होती, पण वॉचमननं खुर्ची लांब, एका निंबाच्या बुंध्याशी, अर्ध्या उन्हात नेऊन टाकली होती आणि तो ऑफिसकडं पाठ करून बसला होता. आत मनस्विनी नावाची मुलगी गिऱ्हाइकांना माहिती द्यायची. तिनं सांगितलं की हा कडुबा आधी असा नव्हता. टीव्ही लागल्यापासून तो प्यायच्या पाण्यालासुद्धा आत येत नाही. आणि त्याची बायको, जी मागच्या इमारतीवर सिमेंटची घमेली वाहते, ती दिवसातून दोनदा येऊन काचेला हात लावून उभी राहते. चित्र कोणी केलं म्हणून दोघंही विचारत होती.

उमा बाहेर गेली. कडुबा उठून उभा राहिला. चाळिशीचा, वाळलेला माणूस, गणवेशाचा शर्ट खांद्यावर ढगळ. ते चित्र तुमीच केलं का, असं त्यानं विचारलं. उमा हो म्हणाली. जागा आपल्या ओळखीची आहे, असं त्यानं सांगितलं. त्या बागेत तो अकरा वर्षं सालदार होता, वर्षाच्या बोलीवरचा गडी. उमाला बरं वाटलं. आपण तिथं गेलो होतो, बारव काय सुंदर भरली होती, असं ती सांगायला लागली. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं.

"वर पायरीवर कुणीच नाय, ताई," मग तो म्हणाला. "तर मंग पाण्यात कोण उभंय?"

उमाला काही समजलं नाही. तो आत यायला तयार होईना, म्हणून ती एकटीच आत जाऊन टीव्हीसमोर उभी राहिली. आणि तिला दिसलं. तिनं मुलगी पुसली होती, मुलीचं पाण्यातलं प्रतिबिंब पुसायचं राहून गेलं होतं. उजव्या बाजूला, खाली डोकं वर पाय, निळसर फिकट. एका पायावर उभी, दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला लावलेला, एक हात डोक्यावर. दोन महिने उमा त्याला पाण्यावरची सावली समजत होती. आता एकदा दिसल्यावर तिला त्या चित्रात दुसरं काही दिसेना. वरची पायरी तिनंच रिकामी केलेली होती.

ती बाहेर आली तेव्हा कडुबानं सांगितलं, आवाज न चढवता, रस्त्याकडं बघत. त्याची मुलगी, नाव संस्कृती. शाळेतल्या मास्तरांनी ठेवलेलं नाव, घरात तिला बाय म्हणायचे. वय अकरा. मागच्या मार्गशीर्षात बारव तळाला गेली. रात्रभर झिरपून सकाळी तळात वीतभर पाणी साचायचं, आणि पोरी खाली उतरून वाटीनं घागर भरायच्या. जे दगड कायम पाण्याखाली राहिले ते उघडे पडले होते, आतली माती वाळून सुटली होती. त्यातला एक तिच्या पायाखालून निसटला. पुढं बाग वाळली, मालकानं झाडं तोडली आणि जानेवारीत ही दोघं इथं कामाला आली. मुलीचा फोटो म्हणाल तर शाळेच्या फॉर्मवर चिकटवलेला एक, तो शाळेतच राहिला.

"मला कुणी दावलं नाय," कडुबा म्हणाला. "टीव्ही लावला त्या दिशी सायबांनी पुसाया सांगितला. फडकं मारता मारता हात तिच्यावर आला. ती अशीच उभी राहायची, एका पायावर. मास्तर वरडायचे."

उमा घरी आली ती जेवली नाही. तिनं हार्ड डिस्क लावली आणि ते सात फोटो एकापाठोपाठ उघडले. पहिल्या फोटोत मुलगी लांब बांधावर होती, एक हिरवा ठिपका. दुसऱ्यात ती झाडांच्या ओळीत होती. तिसऱ्यात पळत होती, एक हात हवेत. चौथ्यात बारवेच्या पलीकडच्या काठावर. पाचव्यात पायरीवर, एका पायावर. वेबसाइटला घेतलेला तो हा. सहाव्यात ती अलीकडच्या काठाला आली होती आणि थेट कॅमेऱ्याकडं बघत होती. सातव्यात मागचं पाणी स्पष्ट होतं आणि पुढं अर्धा गाल, एक कान, केसातली पिन, सगळं इतकं जवळ की धूसर झालेलं. मुलगी उमाकडंच येत होती, अगदी पहिल्या फोटोपासून.

उमाला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. चपलेला लागलेला चिखल आठवत होता. व्यापाऱ्यानं फोडून दिलेली मोसंबी आठवत होती, पाण्यावरचा उजेड आठवत होता. एवढ्या जवळ आलेलं मूल काहीतरी विचारतंच. नाव सांगतं, तुझं विचारतं. उमा डोळे मिटून बसली. तिच्या आठवणीतल्या त्या दिवशी पाणी होतं आणि पाण्याच्या काठाला कोणी नव्हतं.

व्यंकटराव चहा घेऊन आले. तिनं त्यांना सगळं सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले आणि सातही फोटो त्यांनी चष्मा पुसून पाहिले. एकतीस वर्षं मी धरणांची पातळी लिहिली, ते म्हणाले, फुटात आणि मग मीटरमध्ये. पाण्यात काय आहे हे लिहायचा रकाना त्या वहीत नव्हता. मग त्यांनी तिला उद्याच फोटो छापून घेऊन जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत उमा बांधकामावरच्या त्यांच्या पत्र्याच्या खोलीत गेली. कडुबाची बायको चतुराबाई नुकतीच कामावरून आली होती. उमाच्या हातातलं पाकीट बघून तिनं आधी हात धुतले, तांब्यातल्या अगदी थोड्या पाण्यानं, बोटांच्या बेचक्यातलं सिमेंट चोळून चोळून. लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले, मग पाकीट घेतलं. एकेक फोटो तिनं मांडीवर ठेवत नेला. ती रडली नाही.

"हिरवाच व्हता," ती कडुबाला म्हणाली.

कडुबानं मान खाली घातली. उमाला नंतर उमगलं. टीव्हीतला फ्रॉक निळा होता, त्या निळ्या रंगाच्या आधारावर, मनातून ओळखूनसुद्धा, तो इतके दिवस बायकोला म्हणत आला होता की ही आपली बाय नव्हे, दुसरी कोणी असेल. निळा रंग उमानं दिला होता. तो आधार आता गेला.

चतुराबाईनं सातवा फोटो उचलला आणि उमाकडं बघितलं.

"तुमच्यापशी आली व्हती ती. काय बोलली?"

उमा काहीही सांगू शकली असती. ओठांवर आलंही होतं, की नाव सांगितलं, हसली, माझा फोटो काढ म्हणाली. पण तिनं खरं ते सांगितलं, की मला आठवत नाही.

"लई बोलायची," चतुराबाई म्हणाली. "काही तरी बोललीच असंल."

आणि ती थांबून राहिली, जणू उमाला थोडा वेळ दिला तर आठवेल. उमानं नजर जमिनीकडं वळवली.

निघताना कडुबा तिच्याबरोबर फाटकापर्यंत आला आणि त्यानं ते चित्र काढून टाका म्हणून विनवलं. चतुराबाईनं मागून ऐकलं. काढू नका, ती म्हणाली, तिला तिथं राहू द्या. दोघंही एकमेकांशी न बोलता उमाशीच बोलत होती. उमानं ते मालकाच्या हातात आहे असं सांगून पाय काढता घेतला.

प्रश्न तिच्यावाचूनच सुटला. मनस्विनीनं हिमांशूला सांगितलं आणि त्याचा फोन आला. तो रागावला नव्हता, घाबरला होता. गिऱ्हाइकाला कळलं की चित्रातल्या पाण्यात मेलेली पोरगी आहे, तर कोण घर बघायला येईल, असं त्याचं म्हणणं. त्या दोघांना काही लागलं तर मला सांगा, असंही तो म्हणाला, आणि त्यानं कडुबाची ड्यूटी मागच्या फाटकावर, रात्रपाळीला लावून दिली. संध्याकाळच्या आत साइटवर दुसरं काहीतरी लावायचं होतं.

त्या दुपारी उमानं आयुष्यातला सगळ्यात साधा रंग निवडायला चार तास घेतले. चित्र नको हे ठरलेलं होतं. निळा तिनं बाजूलाच ठेवला. पण फिकट हिरवा लावला की उजव्या कोपऱ्यात तिला एका पायावर उभी असलेली आकृती दिसायची. राखाडी लावला तरी दिसायची. डोळे इतके दिवस त्या चित्रावर होते, त्यांचाच हा दोष आहे हे तिला कळत होतं. ती उठून तोंडावर पाणी मारून आली, खिडकीतून समोरची भिंत बघत राहिली. भिंतीवरही ती होती. शेवटी वाळूसारखा एक मातकट रंग लावून तिनं पान बंद केलं. हिमांशूनं बघितलं आणि हा तर कोरड्या जमिनीचा रंग झाला म्हणाला. उमानं सांगितलं की तिथं आत्ता तेच आहे. त्याला घाई होती, तो हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनस्विनीच्या फोनवरून कडुबा बोलला. ती गेली नाय अजून, एवढंच म्हणाला. उमानं घाईघाईनं साइट उघडली. तिच्याकडं रंग दिसत होता. मग तिला कारण कळलं. टीव्हीला जोडलेला ऑफिसातला कॉम्प्युटर एकदा आणलेलं चित्र आपल्याजवळ साठवून ठेवायचा आणि पुन्हा पुन्हा तेच काढून दाखवायचा. कळलं तरी तिला घरी बसवेना. ती रिक्षा करून तिथं गेली. रात्रपाळी संपवून कडुबा दाराशी उभा होता. मशीन जुनं लक्षात ठेवतं, असं तिनं त्याला समजावलं. किती दिवस ठेवतं, त्यानं विचारलं. विसर म्हणून सांगेपर्यंत, उमा म्हणाली, आणि आत जाऊन तिनं ते साठवलेलं सगळं पुसलं. टीव्हीवरचं पाणी गेलं, मातकट रंग आला. काचेच्या बाहेर चतुराबाई उभी होती. रंग आल्यावरही ती तशीच उभी राहिली, मुकादमानं हाक मारेपर्यंत.

रस्त्यावरचा मोठा फ्लेक्स उतरवला गेला, त्याचं काय झालं हे उमाला जूनमध्ये कळलं. ती खिचडीचा डबा घेऊन त्यांच्या खोलीवर गेली तेव्हा आत नेहमीपेक्षा अंधार होता आणि उजेड निळा होता. पत्रे तापतात म्हणून चतुराबाईनं तो फ्लेक्स मागून आणला होता आणि छताला आतून बांधला होता, चित्राची बाजू खाली. बारवेचं पाणी डोक्यावर होतं. फ्लेक्स तिनं उलटा फिरवून बांधला होता, त्यामुळं खोलीत पाय ठेवला की मुलगी सरळ उभी दिसायची.

"आता उलटी नाय," चतुराबाई म्हणाली. "आठवलं का काही?"

उमा नाही म्हणाली. कडुबा दिवसा बाहेर निंबाखाली बाज टाकून झोपायचा. उन्हाचं कारण सांगायचा, पण खोलीपेक्षा बाहेर ऊन जास्त होतं.

त्या वर्षी पाऊस बरा झाला, पुढची दोन वर्षं पुन्हा कोरडी गेली. शहर मात्र वाढत होतं. पैठण रोडला माळामागून माळ वसाहतींखाली गेले, आणि प्रत्येकीला वेबसाइट हवी होती. उमाला काम कमी पडलं नाही, पण तिचं काम आता हळू झालं होतं. कोणाचाही फोटो आला की ती तो दहापट मोठा करून कोपरे बघायची. पाण्यात, खिडक्यांच्या काचांत, हॉटेलच्या फोटोतल्या चमच्यांतसुद्धा. मागं कोणी उभं दिसलं की ही व्यक्ती कोण म्हणून गिऱ्हाइकाला विचारायची. काहींना ते विचित्र वाटायचं, ते दुसरीकडं जायचे. कधी भांडी घासताना एखादं वाक्य तिच्या मनात अर्ध्यापर्यंत यायचं, लहान मुलीच्या आवाजात, आणि ती नळ बंद करून ऐकायची. मग तिला कळायचं की हे आपणच रचतोय.

२०१६ साली पाऊस पडला. दिवाळीनंतर एका सकाळी कडुबा आणि चतुराबाई समर्थनगरात आली. पाचोडला परत चालली होती. मालकानं पुन्हा मोसंबी लावायचं ठरवलं होतं आणि जुन्या माणसाला बोलावणं धाडलं होतं. व्यंकटरावांनी दोघांना बसवलं, चहा दिला. दोघांकडंही नवे मोबाइल होते, मोठ्या काचेचे. चतुराबाईनं आपला उमापुढं धरला आणि काचेवर मागं बायला ठेवा म्हणाली.

सातही फोटो अजून उमाकडं होते. तिनं ते दाखवले. तिला वाटलं चतुराबाई सहावा घेईल, ज्यात मुलीचा चेहरा सगळ्यात स्पष्ट होता. चतुराबाईनं पहिल्यावर बोट ठेवलं. लांबचा बांध, मोसंबीची झाडं, आणि एक हिरवा ठिपका.

"यात ती दिसतच नाही हो," उमा म्हणाली.

"येतीय ना," चतुराबाई म्हणाली. "लांबूनच येऊ दे. जवळ आली की जाती."

उमानं तो फोटो लावला. वरची अ‍ॅपची छोटी चित्रं नेमकी त्या ठिपक्यावर येत होती, म्हणून तिनं ती एकेक करून खालच्या बाजूला सरकवली. बांध मोकळा झाला. चतुराबाईनं मोबाइल लुगड्याच्या टोकात गुंडाळून कनवटीला लावला.

कडुबा इतका वेळ खिडकीशी उभा होता. आता त्यानंही आपला मोबाइल पुढं केला. दुकानदारानं त्यात मागं कसलं तरी समुद्राचं चित्र टाकून दिलं होतं.

"मला साधा रंग द्या, ताई," तो म्हणाला. "त्यात काहीच नको."

उमानं त्याला रंगांची यादी उघडून दाखवली आणि कोणता हवा ते विचारलं.

"कोणताबी. पाण्याचा नको."